कंप्युटर थंडा ठेवा म्हने

आमच्या घरी कंप्युटर आला तवा पोरगी अजून रांगतही नव्हती, अन् मले पोरीपेक्षा त्या कंप्युटरचंच भ्याव जास्त. पोरीचं काई दुखलं तं ते रडून सांगे. हा काई सांगे नाई, नुसता काळा पडून राहे. एक सायबर कॅफे बंद पडला होता, तिथून हे सेकंडहँड घेऊन आले. मॉनिटर असा भल्ला मोठा, मागून पोट निंघालेला, वर सात नंबरचा कागूद चिकटवलेला. रिक्षातून उतरवताना यायच्या हातातून सटकता सटकता राह्यला अन् मी तिथंच म्हनलं, हे काई आपल्यानं सांभाळलं जाईन नाई.

हे म्हंजे माह्या पोरीचे बाबा. नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात कामाले. आमी अमरावतीत एका खोलीत भाड्यानं राहू, वर टिना, अन् बाजूच्या स्लॅबच्या खोल्यात मालकीन. तिले सारे खाला म्हनत, मीही खालाच म्हनू. तिचे मिया दिवसभर दुकानात राहत अन् ते घरात एकटी, म्हून पोरीचा तिले मोठा लळा.

कंप्युटर हौसेसाठी नव्हता आनला. झालं असं का आत्याबाई, म्हंजे माही सासू, अंजनगावले राहत. शेतात दोन सालं कापूस नावालेच आला होता. उन्हाळ्याच्या तोंडी त्यायनं निरोप धाडला का पोराचा अर्धा पगार त्या खोलीतच जाते, सून अन् लेकरू इकडे आनून टाका, तो एकटा डबा लावून राहीन. यायनं कसंबसं थांबवलं. म्हनले, लगनसराई जाऊ दे, बायको घरबसल्या पत्रिका टाइप करते, खोलीचं भाडं निंघालं तं राहू दे, नाई निंघालं तं घेऊन जाय. आत्याबाई म्हनल्या, बरं, आखजी झाली का मी येतो पाह्यले. आखजी म्हंजे अक्षय तृतीया.

मी नववीपर्यंत शिकली, तेही अर्धी. अकोल्याले माह्या माहेराजवळ टायपिंगचा क्लास होता, तिथं मायनं मले टाकलं होतं, लगन जुळेपर्यंत पोरगी बसून काय करीन म्हून. मराठी टायपिंग शिकली अन् तेवढंच कामी आलं, कारन कंप्युटरच्या मराठीत बोटं तशीच पडत जशी मशीनवर पडत. एका छापखान्यावाल्या काकानं काम देतो म्हनलं. तो हातानं लिहेल मजकूर धाडे, मी टाइप करून फ्लॉपीत टाकून यायच्या खिशात देऊ.

सुरुवातीले तं मी त्याले हातही लावताना देवाचं नाव घेऊ. एक दिवस चालू केला तं आतून टूँऽ टूँऽ असं वाजायले लागला अन् पडदा काळाच. मी पोरीले उचललं अन् बाहेर अंगनात जाऊन उभी राह्यली, मले वाटलं फुटते. खाला म्हने, "क्या हुआ वो?" मी म्हनलं, "वाजून राहिला." ते म्हने, "तं वाजू दे, तोही घरातलाच हाय, तू काहून भागून राहिली?" मंग दुरुस्तीवाल्यानं फोनवर सांगतलं का डब्बा खोला, आतली हिरवी पट्टी काढा, तिचे पिवळे दात खोडरबरनं घासा अन् टक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. मले वाटलं मजाक करून राहिला. पन मी घासली अन् चालू झाला. तवापासून खोडरबर मी हळदी-कुंकवाच्या डबीजवळच ठेवू.

मंग हळूहळू समजत गेलं. पडदा एकदम पिवळा झाला तं भ्यायचं नाई, मागच्या वायरचा गट्टू ढिला झालेला राहते, त्याचे दोन्ही स्क्रू आवळायचे, आवळायच्या आधी पाहून घ्यायचं का आतली सुई वाकली तं नाई. माउस अटकला का त्याले उलटा करून गोळी काढायची, आत काळी काळी मयल बसते कापसाच्या वातीवानी, ते नखानं खरवडायची. घड्याळ मागच्या सालात गेलं का आतला गोल सेल मेला म्हनायचं, बाकी काई नाई. लाईन गेली, म्हंजे इजच गेली, का सारी बटनं बंद करून टाकायची, कारन ते येताना झटक्यानं येते. हे मी कोनाकोनाले इचारून इचारून शिकली.

कामाचं सांगायचं तं त्या साली लग्नाच्या पत्रिकाच कमी. लोक साखरपुड्यातच लगन उरकून टाकत, नाईतं सामूहिक लग्नात पोरीले उभं करत, तिथं घरची पत्रिका कशाले लागते. काकाकडून तेरवीची, म्हंजे मानूस गेल्यावरच्या तेराव्याची, पत्रकं मात्र येत राहत. तेरवीचा मजकूर एकच असते, नाव अन् गाव बदलायचं, मुक्कामपोस्ट बदलायचं. वय लिहेल राहे. माहे हात चालत अन् मी वयाकडे पाहू नाई असं ठरवू, पन दिसेच. यायच्याच जोडीचे, यायच्याच वयाचे, नापिकीनं जीव देलेले. ज्या दिवशी असं पत्रक येई त्या दिवशी हे ड्युटीवरून येईपर्यंत माह्या जिवात जीव नसे. मी अंजनगावले गेली अन् हे इथं एकटे राह्यले, संध्याकाळी खोलीत येऊन बसले, कोनी बोलाले नाई, असं काई डोक्यात येई. यायले मी हे कधी सांगतलं नाई.

असं चालू होतं अन् ऊन तापलं, अन् पडदा थरथरायले लागला.

थरथरायले म्हंजे कसा, पान्यात अक्षरं लिहिल्यावानी. ओळ अशी सापावानी हाले. मात्रा कोन्ती अन् अनुस्वार कोन्ता, समजे नाई. मले आधी वाटलं माहेच डोळे गेले. बाळंतपनानंतर डोळे जातात म्हनतात. मी तोंड धुवून येऊ, पदरानं पडदा पुसू, अन् पुन्हा पाहू तं तसाच. सकाळी मात्र एकदम चांगला चाले. दुपारी बिघडे. अन् सकाळी मले कुठं टाइम, नळ, डबा, पोरीची आंघोळ. कामाले बसायचा टाइम तोच, पोरगी खालाच्या इथं झोपे तवाचा.

त्यातच एक तेरवीचं पत्रक गेलं. पाच तारखेची तेरवी मले थरथरत्या पडद्यावर बरोबर दिसली, पन उमटली होती चार. नशीब काकानं छापायच्या आधी मजकूर ताडून पाह्यला. तो स्वता घरी आला. बाहेरच उभं राहून म्हने, "बाई, लोक एक दिवस आधी येऊन अंगनात बसले असते ना. त्या घरच्यायनं काय सांगायचं त्यायले, उद्या या म्हनून?"

मी म्हनलं, "काका, पडदा हालून राहिला."

"पडदा हालते तं पडद्याचं पाहा. एखाद्या येळेस चुकते, मी समजतो. पुन्हा झालं तं मले दुसरीकडे काम द्या लागीन. माहं नाव जाते यात."

तो गेल्यावर मी पोरीले मांडीवर घेऊन बसली. काम गेलं म्हंजे खोली गेली, खोली गेली म्हंजे अंजनगाव. आखजी जवळच आली होती.

हे सुटीच्या दिवशी दुरुस्तीवाल्याले घेऊन आले. तो आला सकाळी. पडदा आरशावानी. तो म्हने, "वहिनी, हा तं एकदम ओके आहे." मी म्हनलं, दुपारी या. तो म्हने दुपारी दुकानात गर्दी राहते, अन् डब्बा-मॉनिटर दोन्ही घेऊन गेला. दुकानात दोन दिवस चालवला, काईच नाई. परत आनून ठेवला अन् त्या दुपारी पुन्हा सुरू. मी फोन केला तं तो म्हने, "हे हीटचं काम आहे. टिनाची खोली, अमरावतीचं ऊन, मानूस उकळते तिथं मशीन काय टिकीन. थंडा ठेवा त्याले. जेवढा थंडा ठेवसान तेवढा चालीन."

आता थंडा ठेवायचा कसा. टेबलफॅन लावून पाह्यला, गरमच हवा. ओला टॉवेल टिनाखाली बांधला, त्याचं पानी किबोर्डवर टपकायले लागलं. मंग खालालेच एक सुचलं. तिच्या-माह्या खोलीत एक मधलं दार होतं, खिळे ठोकून बंद केलेलं. माह्याकडून त्या दाराले टेकून कंप्युटरचा टेबल, कारन मोठं प्लग तिथंच होतं. अन् तिच्याकडून त्याच दाराले पाठ लावून तिचा कुलर. लोखंडाचा, जुना, मोठा, चालू झाला का आख्खी भिंत घुमे.

खाला म्हने, "दार खोल दे. कुलर चौकटीत लाऊंगी. थोडी हवा मले, थोडी तेरे कंप्युटरले. बच्ची बी इधरच सो जाएगी."

मी म्हनलं, "खाला, तुमाले गरमी होईन."

"माह्या हड्डीले आता काय गरमी. मियाले सांगून टाकीन का कंप्युटरची तबियत खराब हाय."

यायनं ड्युटीले जायच्या आधी पकडीनं खिळे काढून देले. दुपारी मी अन् खालानं मिळून कुलर ढकलत चौकटीत आनला, टेबलाच्या एवढा जवळ का हात लांबवला तं लागे. वाळ्याचा वास घरभर. मी पोरीले कुलरसमोर चटईवर टाकलं, ते लगेच झोपली. मले वाटलं झालं आता, सुटलो. कंप्युटर चालू केला.

असा नाचला का काय सांगू. आधी अक्षरं हालत, आता सारा पडदाच डावीकडून उजवीकडे झोके घेई, कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग पडला. खालाच्या चेहऱ्याकडे पाह्यलं तं ते तोंडावर पदर धरून हासून राहिली होती अन् डोळ्यात भ्याव. म्हने, "बंद कर, बंद कर, बच्ची बाजूमें सोई."

आन् त्याच दिवशी आत्याबाई आल्या. परतवाड्याच्या गाडीनं, वाटेत नातेवाइकाकडे थांबून, सांगतल्यापेक्षा आधीच. पिशवीत कैऱ्या, अन् पोरीसाठी शिवलेलं झबलं. पानी पेल्या, पोरीले पाह्यलं, अन् मंग कंप्युटरपुढं येऊन उभ्या राह्यल्या.

"हेच का ते?"

"हो आत्याबाई."

"काहून थरथरते ते असं?"

मी मागचे स्क्रू आवळून पाह्यले, तं तसाच.

त्या जरा वेळ पाहत राह्यल्या अन् म्हनल्या, "याच्या तं अंगात आलं व. इचार त्याले, कोन हाये अन् काय पाह्यजे. कोंबडं मांगते का नारळ."

खाला तिकडून म्हने, "नारळ सस्ता पडेगा, मावशी."

दोघी हासल्या. मले हासू आलं नाई. आत्याबाई चटईवर टेकल्या, कुलरची हवा लागली तशी पाय पसरले अन् म्हनल्या, "पाह्यलं ना मी. अशानं काय भाडं निंघते. उद्या सकाळच्या गाडीनं निंघू आपन. त्याले संध्याकाळी मी सांगतो." आवाज काई रागाचा नव्हता. जसं बाजाराचं सांगतात तसं सांगतलं. मी कपडे कोन्ते घ्यायचे अन् पोरीच्या औषधाची शिशी कुठं ठेवली, ते आठवायले लागली. पन काकाचा एक मजकूर हातातला राह्यला होता. तो तेवढा करून देऊ म्हनलं, हालत्या पडद्यावर एकेक अक्षर बोटानं धरून.

तेवढ्यात खाला म्हने, "पानी खतम झालं, कुलरची घास सुकली."

रोज ते सकाळी एकदा टाकी भरे अन् दिवसभर पुरे. दार खोलल्यानं हवा जास्त खेचली असन, दुपारीच टाकी कोरडी. आता आमच्या इकडे लहान लेकराले बी माहीत राहते का कुलरमध्ये पानी टाकताना आधी बटन बंद करायचं, नाईतं असा झटका बसते का मानूस फेकला जाते. खालानं बटन बंद केलं. पंखा घर्र करत थांबला.

अन् पडदा थांबला.

एकदम. जसं कोनी हात धरून ठेवलं. अक्षरं स्पष्ट, मात्रा मात्रेच्या जागी. मी पाहतच राह्यली. खालानं पाइपनं पानी भरलं, बटन लावलं, अन् पडदा पुन्हा नाचायले लागला.

मी म्हनलं, "खाला, बंद करा जरा."

"अभी तं लगाया."

"करा ना वो."

तिनं बंद केलं. पडदा थांबला. "आता लावा." लावला, हालला. "बंद करा." आत्याबाई उठून बसल्या, म्हने काय खेळ लावला तुमी, लेकरू झोपलं आहे. खाला म्हने, "मावशी, तुमची बहू माह्या कुलरशी कंप्युटरची कुस्ती लावून राहिली." मी नुसतं बोटानं दाखवू, कुलर, पडदा, कुलर, पडदा.

तवा मले सारं समजलं, एका मागून एक. सकाळी चांगला चाले कारन सकाळी खाला कुलर लावे नाई. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात चाले कारन तिथं कुलर नव्हता. लाईन जाई तवा कुलर बंद, पन तवा कंप्युटरही बंदच, मंग समजनार कुठून. अन् थंडा ठेवा, थंडा ठेवा म्हून आमी त्या कुलरलेच त्याच्या तोंडाशी आनून बसवलं. मी फोन करून दुरुस्तीवाल्याले सांगतलं तं तो म्हने, हो, मोटरीत चुंबक राहते, पिक्चर ट्यूबले ते चालत नाई, तुमी सांगतलंच नाई का मागं कुलर आहे म्हून. मी म्हनलं तुमी इचारलं नाई.

पन समजून काय झालं. कुलर बंद करावा तं टिनाखाली पोरीले उन्हाचा ताप चढे, आधी एकदा चढला होता. कुलर चालू ठेवावा तं काम होत नाई. खाला म्हने कुलर माह्या इकडच्या भिंतीले नेते, पन तिकडे प्लगच नव्हतं अन् तिची जुनी वायर ओढून नेनं म्हंजे पान्याजवळ जोड आला असता. मंग कंप्युटरच हालवायचा. खोलीत जागा कुठं, तं एकच, गॅसच्या शेगडीजवळ, जिथं आख्ख्या खोलीत सगळ्यात जास्त गरम. मले इश्वास बसे नाई. इतके दिवस सारे थंडा ठेवा म्हनत होते.

आत्याबाई म्हनल्या, "तिथं तं भाकर भाजल्या जाते, मशीन नाई भाजनार?"

मी म्हनलं, "पाहू तं."

खालानं एक्स्टेन्शन बोर्ड देला. आमी तिघींनी मिळून मॉनिटर उचलला, आत्याबाईनं पोटाकडून धरला अन् म्हनल्या, "आठव्या महिन्यासारखा जड आहे." पिठाच्या कोठीवर पाट, पाटावर मॉनिटर, अन् डब्बा खाली. स्क्रू आवळले. चालू केला. कुलर तिकडे चौकटीत घुमून राहिला, पोरगी त्याच्या हवेत झोपलेली, अन् पडदा जागचा हालला नाई. कोपऱ्यातला जांभळा डाग होता, तोही एकदा बंद करून चालू केल्यावर धड-धड करून गेला.

मी लगेच बसली. लाईन जायच्या आत उरकायचं होतं. शेगडीच्या अंगानं गरम लागे, पाठीवरून घाम धारेनं वाहे, पन अक्षरं दिसत होती. आत्याबाई माह्या मागं येऊन बसल्या. त्यायले वाचता येत नव्हतं.

"काय लिहून राहिली?"

"तेरवी आहे."

"कोन्त्या गावची?"

मी गाव सांगतलं. अंजनगावहून लांब नव्हतं. त्या सरकून आनखी जवळ आल्या.

"म्हातारा का?"

"नाई."

"मंग?"

"यायच्याच जोडीचा," मी म्हनलं. अन् मंग काय झालं माहीत नाई, मी म्हनून गेली, "आत्याबाई, असे लय येतात. मी रोज लिहते."

मी दोनदा वाचून पाह्यलं, तारीख तीनदा. फ्लॉपीत टाकलं. त्या तशाच बसून होत्या, पदराचं टोक बोटाले गुंडाळत अन् सोडत.

संध्याकाळी हे आले. आत्याबाईनं कैरीचं पन्हं केलं होतं. मी परातीत पीठ मळून राहिली होती अन् कान त्यायच्याकडे. मले वाटलं आता सांगतीन. त्यायनं यायले इचारलं, दुपारी काय खाते, डबा पुरते का, कारखान्यात बाजूले कोन राहते, बोलायले कोनी आहे का. हे म्हनले आहेत ना दोघं-तिघं. आत्याबाई म्हनल्या, "अन् घरी आल्यावर?"

यायले प्रश्न समजला नाई. म्हनले, "घरी हे अन् पोरगी आहे ना."

"हं," त्या म्हनल्या.

सकाळी मी पोरीचे कपडे पिशवीत भरू लागली तं त्यायनं पिशवी माह्या हातातून घेतली अन् फक्त झबलं बाहेर काढून पोरीच्या अंगात घातलं. म्हनल्या, "राहू दे. पेरनीले तुह्या जागी मी सांगीन कोनाले तरी. बाहेरचा डबा त्याले पचत नाई, लहानपनापासून." एवढंच. भाड्याचं काई इचारलं नाई.

मी त्यायले स्टँडवर सोडायले गेली. अंजनगावची गाडी लागली होती, खिडकीची जागा भेटली. पोरीच्या गालाले हात लावून त्यायनं बोटं आपल्या कानशिलावर मोडली अन् म्हनल्या, "जाय आता, ऊन होईन." गाडी निंघेपर्यंत मी थांबली नाई. लाईन दुपारी जानार होती अन् काकाच्या इथून दोन मजकूर आले होते, त्यातली एक पत्रिका लग्नाची होती.